रिपीटचं वर्ष कुणाच्या नावावर?

जूनमध्ये नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की आमच्या घराचं दार आठवडाभर बंद होत नाही. मी मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. एरवी पालक फोन करतात, निकालानंतर मात्र स्वतः येतात. बाप चपला काढून आत येतो, पोरगं त्याच्या मागे मान खाली घालून. चहा होईपर्यंत पावसाचं, पेरणीचं बोलणं चालतं आणि मग मूळ प्रश्न निघतो.

मुलाचा बाप विचारतो, "मॅडम, रिपीट करायचंय, कुठं टाकावं?"

मुलीचा बाप विचारतो, "मॅडम, बीएस्सीला कुठं टाकावं?"

रिपीट म्हणजे एक वर्ष थांबून नीट पुन्हा देणं. पहिली काही वर्षं या दोन प्रश्नांतला फरक माझ्या ध्यानात आला नाही. दोन्ही प्रश्न मला सारखेच वाटायचे आणि मी दोन्हींची उत्तरं द्यायचे. एकदा एकाच घरातली दोघं आली, चुलत भाऊ-बहीण, माझ्याच वर्गातली. मुलीला मुलापेक्षा चाळीसेक गुण जास्त होते. मुलाच्या रिपीटची रूम आधीच बघून झाली होती आणि मुलीचा बीएस्सीचा फॉर्म भरून झाला होता. तिच्या वडिलांनी तिला डावललं असं मला म्हणायचं नाही. त्यांचा लेकीवर जीव होता, बारावीपर्यंत त्यांनी तिला काहीही कमी पडू दिलं नव्हतं. पण तिच्यासाठी रिपीट हा शब्दच त्या घरात कुणाच्या तोंडी आला नाही. तिनंही काढला नाही. आणि मीही काढला नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

परीक्षा पुन्हा द्यावी की नाही, हा प्रश्न आपण जिद्दीचा समजतो. जिद्द असेल तर दे, नसेल तर सोड. वर्तमानपत्रांत निकालाच्या दुसऱ्या दिवशी यशोगाथा येतात, तिसऱ्या प्रयत्नात डॉक्टर झालेल्यांच्या. त्या खऱ्याही असतात. मात्र माझ्यासमोर बसलेल्या मुलामुलींत जिद्दीचा तुटवडा मला फारसा दिसलेला नाही. त्यांच्यात फरक असतो तो वर्षाचा. एक मोकळं वर्ष, त्याला लागणारा पैसा, बसायला जागा आणि "अजून एक वर्ष घरीच का?" या प्रश्नापासून सुटका कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, यावर निर्णय ठरतो. म्हणून हा प्रश्न एकट्या घराचा नाही, सार्वजनिक आहे.

आधी पैशाचं बोलू. क्लासची फी, रूम, मेस, टेस्ट सिरीज, येणं-जाणं धरलं तर आमच्या भागात रिपीटचं वर्ष दीड-दोन लाखांच्या खाली निघत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. दोन लाख म्हणजे त्या भावानं सदतीस-अडतीस क्विंटल. एकरी सात-आठ क्विंटलचा उतारा धरला तर पाच एकरांचं अख्खं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी काही वजा न करता. बाजारात हमीभाव मिळाला तर, हे आणखी वेगळं. ज्या घरात दोन लेकरं बारावी झालेली आहेत तिथं हे पाच एकर एकाच्याच नावावर खर्ची पडतात, आणि ते कुणाच्या नावावर पडतात हे मी वर सांगितलंच.

एवढा खर्च करण्याआधी निर्णय कशावर घेतला जातो? गुणांच्या आकड्यावर. "पाचशेला वीस कमी पडले, पुढच्या वर्षी सहाशे होतील." या हिशेबात मोठी चूक आहे. २०२४ मध्ये ६५० च्या वर गुण मिळवणारे तीस हजारांहून जास्त होते. २०२५ च्या पेपरात फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२० पैकी ६८६ मिळाले आणि ६५० च्या वर अवघे ७३ जण राहिले. पेपर बदलला, गुण कोसळले, जागा मात्र तितक्याच राहिल्या. म्हणजे गेल्या वर्षीचे ६०० आणि या वर्षीचे ६०० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बघायचा तर क्रमांक बघावा. गुण वाढूनही क्रमांक मागे जातो आणि गुण घटूनही पुढे येतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

क्रमांकाच्याही आधी बघायला हवी ती उत्तरपत्रिका. ओएमआरची, म्हणजे गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि आन्सर की दोन्ही मिळतात. मी मुलांना सांगते, दोन दिवस रडून घ्या आणि तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसा. पूर्ण गुण न मिळालेल्या प्रत्येक प्रश्नाचे तीन ढीग करा. येतच नव्हते म्हणून सोडले ते एका बाजूला. येत होते पण आकडेमोडीत, वाचण्यात किंवा घाईत चुकले ते दुसऱ्या. आणि उगाच ठोकून दिले ते तिसऱ्या.

२०२५ च्या जूनमध्ये एक मुलगी असे ढीग करून आली होती. १८० पैकी बरोबर ११८, सोडलेले २६, येत असून चुकलेले २१, ठोकलेले १५. बरोबरचे चार गुण, चुकीला एक वजा, म्हणजे ४३६. दुसऱ्या ढिगातले २१ बरोबर आले असते तर प्रत्येकी पाच गुणांचा फरक, म्हणजे १०५. ठोकलेले १५ कोरे सोडले असते तर आणखी १५. एकही नवा धडा न शिकता १२० गुण तिच्या त्याच पेपरात पडून होते. सगळे कुणालाच मिळत नाहीत हे मान्य. निम्मे धरले तरी साठ होतात.

हा कागद समोर असला की रिपीट करायचं की नाही याबरोबर कसं करायचं हेही ठरतं. ज्याचा पहिला ढीग मोठा आहे, ज्याची अकरावी वाया गेलेली आहे, त्याला शिकवणारं कुणीतरी लागतं आणि त्याला वर्ष पुरतंही. ज्याचे दुसरा आणि तिसरा ढीग मोठे आहेत त्याला दोन लाखांच्या क्लासची गरज नाही. त्याला घड्याळ लावून तीन तासांचे पेपर सोडवायचेत, शंभर तरी, आणि प्रत्येक पेपरानंतर पुन्हा ढीग करायचेत. तरीही त्याला त्याच बॅचमध्ये बसवतात. तिथं पेशीरचनेपासून सगळं पुन्हा सुरू होतं, आणि डिसेंबरपर्यंत त्याला वाटत राहतं की आपल्याला सगळं येतंय. यात पैसा जातो आणि वर्षही जातं.

आमच्याकडच्या मुलांचा पहिला ढीग मोठा का असतो, हेही सांगायला हवं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एका रात्रीत विज्ञान इंग्रजीतून. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, पण अकरावी-बारावीची पुस्तकं, वर्गातलं शिकवणं, टेस्ट सिरीज सगळं इंग्रजीत असल्यामुळे मराठी पेपर निवडणारी मुलं फार थोडी. माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत निम्मी मुलं जीवशास्त्र शिकत नसतात, इंग्रजी शिकत असतात. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाचा पहिला प्रयत्न दोन वर्षांच्या तयारीवर होतो, आमच्या मुलाचा सव्वा वर्षाच्या. कागदावर त्याचं रिपीटचं वर्ष तिसरं असतं, खरं तर ते दुसरंच असतं.

याच कारणानं प्रयत्नांवर मर्यादा घालावी या मागणीला माझा विरोध आहे. मागणीमागचा तर्क मला समजतो. तामिळनाडू सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये दाखवून दिलं की त्या राज्यात नीट आल्यावर वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांत रिपीटर्सचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं. ज्यांना वर्ष विकत घेता येतं ते पुढे जातात आणि पहिल्यांदा बसणारी गरीब मुलं मागे पडतात, हे समितीचं म्हणणं खोटं नाही. आयआयटीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच प्रयत्न मिळतात. नीटलाही २०१७ मध्ये तीन प्रयत्नांची अट आणायचं घाटत होतं, ती टिकली नाही. पुढे २०२२ मध्ये वयाची वरची मर्यादाही उठली. आता पुन्हा मर्यादा आणली तर काय होईल? ज्याच्याकडे पैसा आहे तो आठवीपासून फाउंडेशनचे क्लास लावेल आणि दोन प्रयत्नांत काम भागवेल. ज्याला अकरावीत पहिल्यांदा इंग्रजीतला धडा दिसला त्याचा एक प्रयत्न भाषा समजण्यातच संपलेला असेल. विषमता वर्ष विकत घेण्यात आहे. ती घालवायची तर दुसरा प्रयत्न स्वस्त करायला हवा. तो दुर्मीळ करून ती घटणार नाही.

स्वस्त करायचा म्हणजे काय, हे मी हवेत बोलत नाही. बारावी पास होऊन रिपीट करणारं पोर आज सरकारच्या कागदावर विद्यार्थीच नसतं. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो, निकाल लागला की तो संपतो. सरकारी वसतिगृहात प्रवेश हवा तर कुठल्यातरी अभ्यासक्रमाला नाव असावं लागतं. वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी स्वाधारसारखी योजनाही प्रवेश घेतलेल्यांसाठी. महाज्योती ही ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीची सरकारी संस्था नीट-जेईईचं मोफत प्रशिक्षण देते, टॅब देते, रोजचा डेटा देते, पण निवड दहावी होऊन अकरावी विज्ञानला जाणाऱ्यांची. त्यातून निसटलेल्या किंवा त्या वेळी ज्याला त्याची खबरच नव्हती अशा मुलाला बारावीनंतर दार नाही. म्हणून कित्येक मुलं न शिकण्यासाठी बीएस्सीला नाव घालतात. फी भरतात, हजेरीपुरती जातात आणि कुणातरी दुसऱ्याची ती जागा वर्षभर अडवून धरतात. हे सगळ्यांना माहीत आहे, प्राचार्यांना आणि खिडकीवरच्या कारकुनालाही.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनं आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. हा निर्णय फार मोठा आहे आणि मी तो प्रत्येक पालकाला वाचून दाखवते. पण ती माफी प्रवेश मिळालेल्या मुलीला आहे. प्रवेशाच्या अलीकडे एका वर्षासाठी अडलेल्या मुलीपर्यंत ती पोहोचत नाही. सरकार तिच्या पाच वर्षांचा खर्च उचलायला तयार आहे आणि त्या पाच वर्षांच्या दारापर्यंत नेणारं एक वर्ष मात्र तिच्या बापाच्या सोयाबीनवर सोडलेलं आहे.

माझी मागणी साधी आहे. बारावीनंतरचं एक वर्ष, जास्तीत जास्त दोन, रिपीट करणाऱ्याला विद्यार्थी म्हणून ओळखपत्र द्या. त्यावर एसटीचा पास चालावा आणि वसतिगृहात राखलेल्या काही खाटा मिळाव्यात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी वेगळी अभ्यासिका असावी, जिथं दिवसभर बसता येईल, जिथं स्वच्छतागृह असेल आणि जिथून शेवटची एसटी गाठता येईल.

अभ्यासिकेवर मी अडून बसते त्याला कारण आहे. घरी राहून रिपीट हा सल्ला मुलाला स्वस्तात पडतो, मुलीला नाही. घरी बसलेला मुलगा अभ्यास करत असतो. घरी बसलेली मुलगी मोकळी असते. सकाळचा स्वयंपाक, दुपारी रानात डबा, आईचं दुखणं, आत्याचं बाळंतपण, पाहुणे. "दिवसभर घरीच तर असतेस" हे वाक्य माझ्या किती विद्यार्थिनींनी मला सांगितलं असेल. त्यात ऑक्टोबरपासून स्थळं येऊ लागतात, कारण कॉलेजात नाव नाही म्हणजे शिक्षण संपलं असा गावात अर्थ होतो. तीन तास सलग पेपर सोडवायला जी शांतता लागते ती तिला घरात मिळतच नाही. आणि तिच्या कागदावर दुसरा ढीग मोठा असेल तर तिला नेमकी तेवढीच गोष्ट हवी असते.

परीक्षा वर्षातून एकदाच आणि एकाच दिवशी का, हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. इंजिनिअरिंगची जेईई मेन २०१९ पासून वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि चांगला गुणांक धरला जातो. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेलाही दोन संधी द्यायचं ठरलं आहे. नीट मात्र मे महिन्यातल्या एका रविवारी, कागद आणि पेननं. त्या दिवशी ताप असो, केंद्र दूर असो, रस्त्यात बस बंद पडो, पाळीचा दुसरा दिवस असो, सगळं मिळून एकच दुपार आणि चुकली तर ३६४ दिवस. २०२४ मध्ये काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले, मग ते काढून फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला आणि ८१३ जण ती द्यायला आले. एवढ्यांसाठी जूनमध्ये पुन्हा पेपर घेता आला. मग वर्षातून दोनदा सगळ्यांसाठी का घेता येऊ नये? दोन पेपरांची काठिण्यपातळी सारखी करण्याचं गणित अवघड आहे आणि त्यावरून वाद होतील. सीईटीच्या पर्सेंटाइलवरून दरवर्षी होतातच. पण आज जे चाललं आहे त्यात एका खराब दुपारची किंमत एक वर्ष आहे आणि ते वर्ष ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ती कायमची आहे. त्यापुढे पर्सेंटाइलचा वाद मला परवडणारा वाटतो.

इतकं म्हणून झाल्यावर, सगळ्यांनी रिपीट करावं असं माझं मत नाही. देशात सव्वा लाखाच्या आसपास एमबीबीएसच्या जागा आणि २०२५ मध्ये परीक्षेला बसलेले बावीस लाखांवर. कुणी कितीही वर्षं घेतली तरी बहुतेकांना त्या जागा मिळणार नाहीत. ज्या मुलाला डॉक्टर व्हायचं नाही, बापाला मुलगा डॉक्टर झालेला बघायचा आहे, त्याला मी बापासमोरच विचारते, तुला व्हायचंय का? मूल बापाकडे बघून उत्तर देतं तेव्हा मी रिपीटला नाही म्हणते. पालक नाराज होतात. होऊ देत. दुसऱ्यांदा बसून ज्याचा क्रमांक जिथल्या तिथं राहिला त्यालाही मी थांबवते. तिसरं वर्ष मुलाला आतून पोखरतं. सोबतचे पुढे गेलेले असतात, सणाला घरी यायची लाज वाटते, फोन बंद राहतो. राजस्थानातल्या कोटा या क्लासच्या शहरात २०२३ मध्ये मुलांच्या आत्महत्या रोखायला वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश प्रशासनाला काढावा लागला, हे आपण सगळ्यांनी वाचलं आणि नंतर विसरलो. मी विसरू शकत नाही. माझे विद्यार्थी तिथं होते.

म्हणून रिपीटला बसवताना मी त्याच दिवशी पुढचं दारही ठरवून घेते. सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप द्यायचाच. कृषी, फार्मसी, फिजिओथेरपी, नर्सिंग, बीएएमएस, यातलं काय चालेल ते आताच कागदावर लिहायचं, शांत डोक्यानं. निकालाच्या दिवशी लिहायला बसलं तर ते शिक्षेसारखं वाटतं. आणि हे लिहिताना आई हजर हवी, एकटा बाप नको. आईला विचारलं की मुलीच्या वर्षाचा विषय निघतो, हा माझा अनुभव आहे.

मराठवाड्यानं असे हिशेब याआधीही मांडलेले आहेत. वैद्यकीय प्रवेशाचं सत्तर-तीसचं प्रादेशिक सूत्र, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, इथल्या मुलांवर अन्याय करतं असं पालक वर्षानुवर्षं सांगत होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. तेव्हा जागांच्या वाटणीबद्दल बोलायला माणसं रस्त्यावर आली होती. घराच्या आत होणाऱ्या वाटणीबद्दल कुणी मोर्चा काढणार नाही. ते बोलणं आमच्यासारख्यांनाच करावं लागेल, चहा होईपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत. आता मुलीचा बाप बीएस्सीचं विचारतो तेव्हा मी आधी तिची ओएमआर मागते. पुष्कळदा ती आणलेलीच नसते.

ती ४३६ वाली मुलगी मात्र कागद घेऊनच आली होती, आणि एकटी आली होती. रिपीट करू का, असं तिनं विचारलं नाही. ते तिनं ठरवलं होतं, आईला पटवलं होतं आणि वडिलांनी "एकच वर्ष" म्हणून होकार दिला होता. क्लासला पैसे नव्हते. मॅडम, तुमच्या पुढच्या खोलीत दुपारी एक ते सहा बसू का, एवढंच तिनं विचारलं. गावाहून तालुक्याला एसटीनं पाऊण तास लागतो. ती रोज येते, टेबलावर घड्याळ ठेवते आणि पेपर काढते. पास तिला मिळत नाही, अर्धं तिकीट काढून येते.